रूपाताईचं निदान

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय रूपाताई,

सप्रेम जय भीम.

तू माझा फोन घेत नाहीस आणि मेसेज तुझ्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून पत्र लिहितोय. घरच्या पत्त्यावर पाठवलं तर दाजी आधी वाचतील, म्हणून पिशोरच्या आरोग्य केंद्राचा पत्ता टाकला आहे. पाकिटावर तुझ्या नावाआधी ‘सिस्टर’ असं मुद्दाम लिहिलंय.

गुरुवारी सकाळी आमच्या हॉस्पिटलात एक पेशंट आला. कडुबा नाव, वय बावन्न. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका बंद कारखान्यावर वॉचमन आहे, तिथंच खोलीत फरशीवर चटई टाकून झोपतो. पहाटे पोटात दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या. बायकोला वाटलं, शिळं खाल्लं म्हणून. सातला आणला तेव्हा डोळे उघडत नव्हते आणि लाळ गिळता येत नव्हती. कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टर पोरानं कागदावर लिहूनही टाकलं होतं: पक्षाघाताची शंका, डोक्याचा सीटी करावा.

मी बोटानं पापणी वर उचलली. सोडली की खाली. मान उचल म्हणालो, त्याला उचलता येईना. दोन्ही हात सारखेच ढिले, एक बाजू गेलीय असं काही नाही. अंगावर दंशाची खूण नव्हती. मी फार शोधलीही नाही. म्हटलं, सापाच्या विषाचं औषध लगेच सुरू करा आणि व्हेंटिलेटर तयार ठेवा. पोरगा म्हणाला, “सर, आधी रक्त गोठतं का ते बघू? वीसच मिनिटं लागतील.”

मी नको म्हणालो. मण्यारीच्या विषात रक्त गोठतंच, त्यावरून काही कळत नाही.

आज चौथा दिवस आहे. कडुबा अजून व्हेंटिलेटरवर आहे, पण काल त्यानं पायाची बोटं हलवली. वाचेल असं वाटतं. सगळ्यांनी विचारलं, सर, एवढ्या लवकर कसं ओळखलंत. मी म्हणालो, “अनुभव.” आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून बसलो.

ताई, आई गेली त्या दिवशी मी साठ किलोमीटरवर होतो. फोनवरून पापण्या दिसत नाहीत. तिथं तासभर गेला, हे तुलाही माहीत आहे. दोष कुणाचा हे मला आता काढायचं नाही. मला फक्त एक विचारायचं आहे. तुझ्या पाहण्यातले असे पेशंट कितव्या दिवशी स्वतःचा श्वास घ्यायला लागले? पुस्तकात लिहिलेलं आहे, पण मला तुझ्याकडून हवंय.

तुझा
इंद्रजीत


पुंडलिकनगर
१ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुझ्या हातात पडलं असणार.

कडुबाची नळी सहाव्या दिवशी काढली. काल तो नीट बोलला. मी राउंडला गेलो तर माझा हात धरून म्हणाला, “सायब, तुमी त्या पोराला नको म्हनले ना, ते मी ऐकलं.”

मी म्हटलं, “तुम्ही तर बेशुद्ध होता.”

“नाय. समदं ऐकू येत व्हतं. बायको रडत व्हती, पोरगं सीटी-सीटी करत व्हतं. डोळं उघडना अन् तोंड हालंना, एवढंच. मला वाटलं, ह्यांनी मला मेला समजून उचलू नये.”

मी त्याच्या पलंगाच्या कडेला बसलो. राउंड तसाच राहिला.

गेल्या पत्रात मी तुला लिहिलं, तिथं तासभर गेला. हे मी असं लिहिलं, जणू तो तास आपोआप गेला. तो कसा गेला हे तुला माहीत आहे आणि मलाही. तरी आज मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे.

गेल्या वर्षीची वीस जुलै. आई तुझ्या घरी, उकडतं म्हणून खाटेवरून खाली येऊन झोपली होती. पाचला पोट दुखतं म्हणून उठली. सहाला तू तिला चहा दिलास, तिला तो गिळता येईना. तू तिचे डोळे पाहिलेस आणि शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला साडेसहाला केंद्रात आणलंस. सार्थक तेव्हा तिथं नवा होता, चार महिन्यांचा मेडिकल ऑफिसर. माझ्याच हाताखाली शिकून गेलेला पोरगा. औषध फ्रिजमध्ये होतं. तू त्याला म्हणालीस, सुरू करा. त्यानं म्हटलं, सरांना एकदा विचारतो. आणि त्यानं मला फोन लावला.

पुढचं मला शब्दाशब्दानं आठवतं. फोन स्पीकरवर होता.

मी विचारलं, “दंशाची खूण आहे?”

सार्थक म्हणाला, “नाही, सर. सूजही नाही.”

“मग साप कुठून आला? वय अडुसष्ट, बीपी आहे. पक्षाघात असेल.”

तेव्हा तू बोललीस. “इंद्रजीत, हे मण्यारीचं हाय. पक्षाघात एका अंगाला असतो, हिचे दोन्ही डोळे पडलेत. मान टाकलीय. बावीस वर्सांत मी असे अकरा पाह्यलेत. आत्ता औषध दिलं तर वाचल.”

मी म्हणालो, “ताई, आईला दमा आहे. त्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर तिथं कोण सांभाळणार? सार्थक, रक्त काढून नळीत ठेव. वीस मिनिटांत गोठलं नाही तरच विष समजायचं.”

“मण्यारीत रक्त गोठतंच,” तू म्हणालीस. “त्यानं काय कळनार नाय.”

आणि मी म्हणालो, “ताई, तू सिस्टर आहेस. डॉक्टरला काम करू दे.”

नंतर तू बोलली नाहीस. वीस मिनिटांनी सार्थकचा फोन आला, सर, रक्त गोठलं. मी म्हणालो, बघ. आता तिला इकडं घेऊन या, मी सीटी तयार ठेवतो. गाडीचा ड्रायव्हर मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. तुम्ही निघालात तेव्हा पावणेआठ झाले होते.

मण्यारीबद्दल मी एमडीच्या परीक्षेत एक पान लिहिलं होतं, त्यात मार्कही चांगले पडले होते. पण असा पेशंट मी तोपर्यंत एकही पाहिला नव्हता. तू अकरा पाहिले होतेस. ताई, मला हे फोनवरही माहीत होतं.

कडुबा बोलल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आई तिथं टेबलावर पडून होती, फोन स्पीकरवर होता. तिनं माझं सगळं ऐकलं का?

इंद्रजीत


पुंडलिकनगर
१५ सप्टेंबर २०२४

ताई,

कडुबा घरी गेला. जाताना त्याच्या बायकोनं ‘तुमच्या पोरीला’ म्हणून संस्कृतीसाठी गुळाची ढेप दिली. घरी श्रेयानं ढेप बघून विचारलं, कुणाची? मी म्हटलं, पेशंटनं दिली. मग श्रेया म्हणाली, “तुम्ही ताईंना पत्रं लिहिताय ना? त्यात फोटोचं लिहिलंत का?”

नाही लिहिलं. ते आज लिहितो.

तू गाडीत एकटीनं आईच्या तोंडावर मास्क धरून श्वासाची पिशवी दाबत होतीस. घशात लाळ साचत होती, रस्ता तसा. शहराच्या वेशीवरचं हर्सूल येण्याआधीच आईचं हृदय थांबलं. मी सीटीचं मशीन रिकामं ठेवून कॅज्युअल्टीच्या दारात उभा होतो. तुझी बोटं आखडली होती, पिशवीवरून निघत नव्हती, वॉर्डबॉयनं ती एकेक सोडवली. मी अर्धा तास आईची छाती दाबली. मग थांबलो.

बाहेर पुंजाराममामा आले होते. त्यांनी विचारलं, “एवढा उशीर कसा काय झाला?” मी म्हणालो, “तिथं तासभर गेला.” खोटं नव्हतं ते. पण मामांनी तुझ्याकडं पाहिलं. मला ते दिसलं आणि मी पुढचं वाक्य बोललो नाही.

दुपारी मी प्रमाणपत्र लिहिलं. मनकर्णाबाई, वय अडुसष्ट, मृत्यूचं कारण पक्षाघात. सीटी झालेला नव्हता. मी दुसरं काही लिहिलं असतं तर पोलीस, पोस्टमॉर्टेम, सगळं आलं असतं. मी स्वतःला सांगितलं, आईची चिरफाड नको. खरं कारण तेवढंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू कोपऱ्यातली पोती हलवलीस. मग तू पाठवलेला फोटो आला. काळं अंग, त्यावर पांढरे बारीक पट्टे, शेजाऱ्यानं काठीनं मारलेली मण्यार. फोटोखाली तू काही लिहिलं नव्हतंस. तू माझ्या उत्तराची वाट पाहत होतीस, हे मला समजत होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. मेसेज वाचल्याच्या दोन्ही टिका निळ्या झाल्या असतील तुझ्याकडं. मी फोन उलटा ठेवला आणि ओपीडीला गेलो.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे नातेवाईक बसले होते. भन्तेजींची वंदना झाल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, पक्षाघातात पहिला तास फार महत्त्वाचा असतो, आपल्याकडं खेड्यात तो वाया जातो, लोकांनी जागरूक झालं पाहिजे. मी आईच्या फोटोशेजारी उभा राहून व्याख्यान दिलं. तू उठून आत गेलीस. त्यानंतर आपण भेटलो नाही.

लोक तुझ्याबद्दल काय बोलले, ते मला भामाबाईंकडून कळलं, गेल्या महिन्यात. त्या तुझ्या केंद्रातल्या आशा कार्यकर्त्या, माझ्याकडे सुनेला दाखवायला आल्या होत्या. म्हणाल्या, “सिस्टर आता बोलतच नाहीत. डॉक्टर विचारतील तेवढंच सांगतात. गावात बाया म्हणतात, सिस्टरनं सोताच्या आईला सापाचं खूळ लावून बसवून ठेवलं.” मी त्यांना सुनेची गोळी लिहून दिली. तेव्हाही काही बोललो नाही.

बावीस वर्षं लोक तुझ्या हाताला मानत होते. तो मान मी एका वाक्यानं घालवला आणि वर्षभर गप्प राहून पक्का केला.

माफ कर, असं लिहिणार होतो. पण आधी काहीतरी करून मग लिहितो.

इंद्रजीत


पुंडलिकनगर
२९ सप्टेंबर २०२४

ताई,

दोन कामं केली. ती सांगतो.

पहिलं, हॉस्पिटलला आणि जन्म-मृत्यू नोंदणीला अर्ज दिला, की आईच्या प्रमाणपत्रावरचं कारण मी सीटी न करता लिहिलं, आणि ते चूक आहे. सोबत तू पाठवलेला मण्यारीचा फोटो जोडला. आमचे व्यवस्थापक म्हणाले, “डॉक्टर, वर्ष झालं, कुणी तक्रार केलेली नाही. कशाला स्वतःच्या गळ्यात ओढून घेता?” मी म्हटलं, तक्रार माझीच आहे. पुढं चौकशी होईल, पोलीस जबाब घेतील. तुझ्याकडंही येतील, त्याबद्दल आधीच सांगून ठेवतो. कदाचित मेडिकल काउन्सिलपर्यंत जाईल. काय होईल ते होवो.

दुसरं, गेल्या रविवारी पुंजाराममामांकडे गेलो. मामी, त्यांची पोरं, सगळे घरात होते. मी म्हटलं, सगळ्यांनी बसा, सगळ्यांनी ऐका. आणि सांगितलं. फोनवर मी काय बोललो, ताई काय म्हणाली, रक्ताची नळी, प्रमाणपत्र, फोटो. फोटो दाखवला तेव्हा मामींनी पदर तोंडाला लावला.

मामांनी फोन हातात घेऊन फोटो पाहिला. मग म्हणाले, “म्हंजे पोरीनं पह्यल्यांदाच वळखलं व्हतं.”

“होय, मामा. पहिल्या दहा मिनिटांत.”

“अन् आमी तिच्याशी वरीसभर बोललो नाय.”

“मी बोलू दिलं नाही.”

ते म्हणाले, “तू आमचा मोठा डॉक्टर. तुझं आमी खरं मानलं, ते ठीक. पर तुला तरी तिचं खरं मानता आलं असतं. तुझ्या लहानपनी आई कामाला जायची, तुला तापात मांडीवर घेऊन कोन बसायचं?” मग विचारलं, “रूपाला सांगितलं का हे?”

“पत्रं लिहिली.”

“पत्रं,” मामा म्हणाले. “गाडी हाय ना तुझ्याकडं?”

ताई, गाडी आहे. मी दोनदा निघालोही होतो. एकदा फुलंब्रीपर्यंत येऊन परत फिरलो. मला भीती वाटते ती तू रागावशील याची नाही. तू दारात उभी राहून मला ‘डॉक्टर साहेब’ म्हणशील, त्याची वाटते.

मी येऊ का? तू नको म्हणालीस तर येणार नाही.

चुकलेला
इंद्रजीत


पिशोर
७ ऑक्टोबर २०२४

चि. इंद्रजीत,

जय भीम.

तुझी चारी पत्रं मिळाली. ती मी फोडली नव्हती, लसीच्या रजिस्टरखाली ठेवली होती. परवा पुंजाराममामा अन् मामी एसटीनं आले. मामा माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना धरलं. मग ते गेल्यावर सगळी पत्रं एका बैठकीत वाचली.

तू विचारलंस, पेशंट कितव्या दिवशी श्वास घेतात. कुणी तिसऱ्या, कुणी आठव्या. तुझा कडुबा त्यांच्या मधला. पुढच्या वेळी घाई करून नळी काढू नको, दोन दिवस थांब. मान उचलून धरता आली पाहिजे, ते बघत जा. मशीनच्या आकड्यांवर जाऊ नको.

आईनं ऐकलं का, असंही विचारलंस. ऐकलं. गाडीत, पिशवी दाबायची वेळ यायच्या आधी, मी तिला म्हणलं, आई, ऐकू येत असलं तर माझं बोट दाब. तिनं दाबलं. मी म्हणलं, आपण इंद्रजीतकडं चाललोय. तिनं परत दाबलं, आधीपेक्षा जोरानं. तिच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून काही जोडून सांगणार नाही, अन् टोचावं म्हणूनही नाही. झालं तेवढं लिहिलं.

आता माझं ऐक. तू तुझं सगळं लिहिलंस, मग मीबी लिहिते. औषधाचा फ्रिज माझ्या पाठीमागं होता. सार्थक सर घाबरलेले होते, मी जोर धरला असता तर त्यांनी दिलं असतं. नाहीतर मी तिला कन्नडला नेऊ शकले असते, तुझ्यापेक्षा जवळ होतं, तिथल्या डॉक्टरांना मी ओळखते. तू म्हणालास, तू सिस्टर आहेस, अन् मी गप्प झाले. मला पक्कं माहीत होतं तरी मी गप्प झाले. का, तर भाऊ एमडी आहे. मीच सगळ्या गावाला सांगत फिरायची, माझा भाऊ एमडी आहे. वर्षभर मी तुझ्यावर राग धरला, त्यातला अर्धा माझ्यावर होता. तो कुठं टाकावा ते कळेना, म्हणून तोबी तुझ्यावरच टाकला.

पण एका गोष्टीचा राग निव्वळ तुझ्यावर आहे, अन् तो जायचा नाही. ह्या जूनमध्ये शेतवस्तीवरची एक पोरगी आली, एकोणीस वर्षांची, पोट दुखतं म्हणून. सार्थक सरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं. मी सलाईन लावताना तिच्या पापण्या पाहिल्या अन् मला कळलं. कळूनही मी बोलले नाही. वाटलं, परत चुकले तर लोक काय म्हणतील. घड्याळात बघितलं नाही, पण दहा मिनिटं तरी गेली असतील. मग तिला पाणी गिळता येईना, तेव्हा बोलले. सरांनी ह्या वेळी कुणाला फोन नाही लावला, औषध सुरू केलं. पोरगी वाचली. तिच्या आईनं माझे हात धरले अन् मला तिच्याकडं बघवेना. तसली दहा मिनिटं मी एवढ्या वर्षांत कधी घालवली नव्हती. ती तुझ्यामुळं गेली.

माफीचं तू लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. मागशील तर मी नाही म्हणणार नाही, पण खरं सांगते, देता येईल का ते मला माहीत नाही.

पोलीस आले तर मी जबाब देईन, आहे तसा. तुला वाचवणार नाही अन् बुडवणारही नाही.

येऊ का म्हणून विचारलंस. घरी नको. गुरुवारी केंद्रात आशांची बैठक असते, अकरा वाजता. पंचवीस बाया असतात, आसपासच्या सगळ्या वस्त्यांवरच्या. सार्थक सरांनाही बसायला सांगते. तिथं ये अन् त्यांना मण्यारीचं सांग. पुस्तकातलं मी त्यांना सांगितलंय, तू तुझं सांग. फोनवर कुणी काय म्हणलं अन् कुणाचं ऐकलं नाही, सगळं. पेशंट कोण होतं, तेबी सांग. मी मागं बसेन. कुठं चुकलास तर मध्येच सांगेन, तेव्हा थांबायचं.

ते झाल्यावर ओपीडीत माझ्यासंग बस. एक-दीडपर्यंत पेशंट असतात. मी बघेन, तू बघ, मग दोघं मिळून ठरवू. जेवायचं काय ते तेव्हा बघू.

रूपा